फ्रेंचच्या बाई नेमताना

विश्रामबाग, सांगली
दि. 3 मे

प्रिय शुभा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवाच मिळालं. शाळेत फ्रेंच सुरू करताय आणि शिक्षक निवडायचं काम समितीने तुझ्याकडे दिलंय, हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! साताऱ्याच्या पोरांना आता त्यासाठी पुणं गाठायला नको. तू विचारलंस एवढंच, की जाहिरातीत पात्रता काय लिहू. पण उत्तर लांबणार आहे. नेमणूक चुकली की मुलांचं काय होतं ते मी फार जवळून पाहिलंय.

आधी कागदांचं बघू. अर्जांत तुला ए-टू, बी-वन, बी-टू अशी अक्षरं दिसतील. परकी भाषा कितपत येते हे सांगायच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या युरोपात ठरलेल्या आहेत. पहिल्या चार पायऱ्यांची परीक्षा म्हणजे डेल्फ, वरच्या दोन्हींची दाल्फ. दाखला फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचा असतो आणि तो जन्मभर चालतो. डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकाला 25 गुण. शंभरात 50 मिळाले की पास, पण कुठल्याही एका भागात 5 पेक्षा कमी पडले तर नापास. नुसतं लिहून निभावता येत नाही, म्हणून मला हा दाखला भरवशाचा वाटतो.

ए-टू म्हणजे ओळखपाळख, बाजारहाट, काल काय केलं ते सांगणं, इतपत भाषा. तेवढ्यावर कुणाला वर्गावर पाठवू नकोस, मग उमेदवार कितीही गोड बोलणारी असो. बी-टूच्या खाली येऊच नकोस. तिथवर पोचायला साधारण 600 तास शिकावं लागतं आणि ते बोलण्यात लगेच कळतं. सी-वन मिळाली तर सोडू नकोस. विद्यापीठाकडून आलेले अर्जही असतील. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सर्टिफिकेट, डिप्लोमापासून एम.ए.पर्यंत सोय आहे, मुंबई विद्यापीठात, हैदराबादच्या इफ्लूत, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांच्या विद्यापीठात, आणि दिल्लीच्या जेएनयूतही फ्रेंचमध्ये एम.ए. करता येतं. एम.ए.च्या जोडीला बी.एड. असेल तर कागदोपत्री प्रश्न येत नाही. तुमची शाळा सीबीएसईची आहे, तेव्हा बी.एड.बद्दल नियम नेमका काय ते मुख्याध्यापकांकडून पक्कं करून घे.

पण शुभा, भाषा येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. परक्यांना फ्रेंच कशी शिकवायची याचं स्वतंत्र प्रशिक्षण असतं. ते कुणी घेतलंय का, डेल्फचे परीक्षक म्हणून कुणाला मान्यता आहे का, हे जरूर विचार. अशा परीक्षकाला बरोबर-चूक यापलीकडे, मुलाला नेमकं कुठवर जमतंय हे ऐकायची सवय असते.

मुलाखतीपेक्षा वर्ग घ्यायला लाव. फ्रेंचचा गंधही नसलेली दहा-बारा मुलं बसव आणि वीस मिनिटं दे. पडद्यावर आयफेल टॉवर दाखवून फ्रान्सची महती सांगणारे बरेच येतील. तू फक्त मुलांच्या तोंडाकडे बघ. पहिल्या पाच मिनिटांत मुलं बोलायला लागली का? फ्रेंचमध्ये एक स्वर असा आहे, जो आपल्याकडे नाही. ज्याला शिकवता येतं तो व्याख्या देत बसत नाही. तो म्हणतो, ‘ई’ म्हणा, थांबू नका, आता ओठ ‘ऊ’सारखे करा. सगळा वर्ग ओठांचा चंबू करून हसतो आणि हसता हसता तो स्वर उमटतो. आणखी एक बघ, चूक कशी सुधारतात ते. मूल वाक्य बोलत असताना मध्येच अडवणारी बाई मला नको. एकदा तोंड मिटलं की ते पोर वर्षभर मागच्या बाकावर खाली मान घालून बसतं.

माझ्या वर्गातला एक प्रकार सांगते. मुलांना आपापले मोबाइल नंबर फ्रेंचमध्ये सांगायला लावते. तिकडे नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, आणि आपले नंबर सुरूच होतात 98, 94, 77 असे. फ्रेंचमध्ये 98 म्हणजे चार विसा, दहा, आठ! ऐकणाऱ्याला ‘चार’ ऐकू येताच तो चार लिहून मोकळा होतो. नंबर बरोबर लिहिला गेला तर मूल खूष, आणि डेल्फच्या ऐकण्याच्या पेपराची तयारी आपोआप होते.

शिक्षकाने फ्रान्सला पॅरिसपुरतं ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजा उभ्या करणारा द बॉइन्य हा फ्रान्समधल्या शांबेरी गावचा. त्याच्या स्मरणार्थ त्या गावात हत्तींचं कारंजं आहे, चार हत्ती, पुढचं अर्धं अंगच दिसणारे. त्याचा फोटो ठेवला की मुलं मोजतात, रंग सांगतात, कोण कुठे उभंय ते सांगतात, आणि पानिपतानंतरचा इतिहासही विचारतात. मॉरिशसमध्ये आपली मराठी माणसं आहेत, आणि तिथली मोठी वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये निघतात. हे कळल्यावर माझ्या आठवीतल्या एका मुलाने बातमीचे मथळे उतरवून आणायला सुरुवात केली. असे धागे ज्याच्याजवळ आहेत त्याला माझी पहिली पसंती.

आता तुमच्या बाजूचं. दहावीला 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत, त्यामुळे शाळा बोलण्याकडे काणाडोळा करतात आणि पालकही ‘मार्क चांगले पडतात ना?’ एवढंच विचारतात. एका शाळेत मी दोन वर्षं होते. तिथे कुणी रजेवर गेलं की माझा तास त्या वर्गाला जायचा, आणि दिवाळीपर्यंत मुलं पाढ्यासारखी क्रियापदं घोकत होती. तेव्हा आठवड्यातून चार तास दे, चाळीस मिनिटांचे का होईनात, सलग दोन-दोन नकोत. तो तास दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, हे वेळापत्रकातच लिही. आणि पगार तासावर नको, महिन्याचा दे. फ्रेंचचा शिक्षक गावात एकटा असतो, शंका विचारायला सहकारी नसतो. वर्षातून एकदा तरी आलियाँस फ्राँसेझ द पुणे या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेच्या प्रशिक्षणाला शाळेच्या खर्चाने पाठवायची तरतूद कर. मोठ्या मुलांना डेल्फला बसवायचं तरी पुण्याचंच केंद्र धरावं लागेल.

जाहिरातीचा मसुदा पाठव, मी बघून देते. वर्ग घ्यायला लावाल तो शनिवार असेल तर मी सकाळच्या गाडीने येईन आणि मागच्या बाकावर बसेन. उमेदवाराला माझं नाव सांगू नकोस, नाहीतर ती मलाच शिकवायला लागेल, मुलं बाजूला राहतील. काकूंना साष्टांग नमस्कार, ओवीला खूप खूप गोड पापा. येताना भडंग आणतेच.

तुझीच,
मंजिरी