यंदा दिवाळीला येत नाहीये

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई नुसतं "बरं" म्हणाली असती, आणि ते "बरं" मला आठवडाभर झोपू देत नाही. म्हणून लिहितेय. पीएचडी एक वर्ष वाढवून घेतली. सोमवारी सही केली. दिवाळीला येणं होणार नाही.

आता कारण ऐका. रोबोला "कप कपाटात ठेव" म्हटलं की हल्लीची एआय झरझर सांगते: कप उचल, दार उघड, आत ठेव. ऐकायला बरोबर. पण त्याला हात एकच, त्यात कप! दार उघडणार कशानं? बाबा, उद्यमनगरात तुम्ही नव्या पोरांवर ओरडायचा ना, "आटे पाडायच्या आधीच पार्टिंग मारून तुकडा कापलास, आता जॉब धरतोस कुठं?" तेच हे. कॅलिफोर्नियात १९७१ साली स्ट्रिप्स नावाची पद्धत निघाली. प्रत्येक कामाआधी काय हवं आणि केल्यावर काय बदलतं, ते मांडायचं, मग क्रम शोधायचा. जुनी आणि हट्टी, पण रिकाम्या हाताशिवाय दार उघडू देणार नाही. एआयनं सुचवायचं, या जुन्या पठडीनं तपासायचं, अडलं तर का अडलं ते एआयला परत सांगायचं, एवढंच माझं काम. संगणकावर जमलंय. खऱ्या रोबोच्या हातातून अजून कप पडतात. अर्धवट टाकून आले असते तर बाबाच आधी बोलले असते. (हे मीच तुमच्या तोंडी घालतेय, कळतंय मला.)

जेवणाची काळजी नको. रोज वरण-भात करते, चटणी पुरवून खाते. परवा ताप होता, म्हणजे उतरला लगेच. आज्जीची वाकळ घेऊन पडले होते. रंकाळ्यावर बाबांच्या सायकलच्या दांडीवर झोप लागायची, तशीच लागली.

बाबा, साखर तपासून रिपोर्टचा फोटो पाठवा. "बरी आहे" हा रिपोर्ट नसतो. गंगावेशीत दूध प्यायला जाताय ते आईनं सांगितलंय. जा, पण चालत जा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही.

आणि पाऊस. राजाराम बंधाऱ्याला पाणी इशाऱ्याच्या ३९ फुटांवर गेलं की सामान माडीवर, तुम्ही मावशीकडे. धोक्याच्या ४३ ची वाट बघायची नाही. २०१९ च्या पुरात कोण हटून बसलं होतं ते मी काढत नाही. फक्त माडीची किल्ली दाराच्या खिळ्याला राहू दे, बाबांच्या खिशात नको.

तुमची,
चिमी