पीएच.डी.च्या आधीचं एक वर्ष: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी राज्यशास्त्र शिकवते. या पत्रात माझी एकच मागणी आहे. एम.ए. झाल्यावर आणि पीएच.डी.ला नोंदणी करण्याआधी राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संशोधन शिकण्यासाठी एक वर्ष मिळावं. ते विद्यावेतनासह मिळावं, मराठीतून मिळावं, आणि ते राज्य सरकारने सुरू करावं.

पूर्वी ही सोय एम.फिल.मध्ये, म्हणजे एम.ए. आणि पीएच.डी.च्या मधल्या संशोधन पदवीत होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. मोडीत काढायचं ठरवलं, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने तसा नियम केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने विद्यापीठांना प्रवेश न देण्याची पुन्हा तंबी दिली. हा निर्णय केंद्राचा आहे, तो फिरवा असं मी म्हणत नाही. एम.फिल.मध्ये खोट होती हेही मान्य. एके काळी नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेतून सूट मिळते म्हणून ती केली जाई आणि उचलेगिरीचे लघुप्रबंधही त्यातून निघाले. पण पदवी बंद झाली तेव्हा तिच्यात जे चांगलं शिकवलं जात होतं ते पुढे कुठे शिकवायचं, याची तजवीज कुणीच केली नाही.

चांगल्या विभागात एम.फिल.चा विद्यार्थी पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न मांडायला शिके. ‘महाराष्ट्रातील सहकार चळवळ’ असला ऐसपैस विषय घेऊन येणारी मुलगी सहा महिन्यांनी एका साखर कारखान्याच्या निवडणुकीत सभासद कसे नोंदले गेले आणि कोण वगळले गेले, एवढ्यावर येऊन थांबे. संशोधन इथे सुरू होतं. लघुप्रबंध फसला तरी वर्षभरातच कळे की आपल्याला हे जमतंय की नाही, आवडतंय की नाही. आज तेच कळायला पीएच.डी.ची तीन-चार वर्षं जातात. विद्यार्थी आणि गाइड दोघेही अडकून पडतात. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट होती, ती कुठल्या नियमावलीत दिसणार नाही: ‘अजून एकच वर्ष’ असं घरी सांगता येत असे. पीएच.डी.च्या सहा वर्षांसाठी घरच्यांना कसं राजी करायचं?

आता एम.ए.तच संशोधन पद्धतीचे चार क्रेडिट आणि शोधप्रकल्पाचे दहा क्रेडिट आहेत, शिवाय पीएच.डी.ला किमान बारा क्रेडिटचं कोर्सवर्क आहे, असं उत्तर मला मिळेल. कागदावर ते खरं आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी संशोधन पद्धतीचा पेपर सगळ्या सामाजिक शास्त्रांना एकत्र, एकाच नोट्सवरून शिकवला जातो. गृहीतक म्हणजे काय, नमुना निवडीचे प्रकार किती, हे पाठ होतं. निवडणूक आयोगाच्या फॉर्म २० मध्ये मतदान केंद्रनिहाय मतं असतात आणि ती गावाच्या वस्त्यांशी ताडून कशी वाचायची, हे कुणी दाखवत नाही. विधिमंडळाच्या चर्चेत मुद्दा शोधायचा कसा, मुंबईतल्या पुराभिलेखागारात कोणता दस्त मागायचा, महिला सरपंचाची मुलाखत घेताना शेजारी बसलेला नवराच उत्तरं देऊ लागला तर काय करायचं, हे तर दूरच. आणि कोर्सवर्क येतं ते नोंदणी झाल्यावर. तोवर विषय आणि गाइड बहुतेक ठरलेले असतात.

प्रवेशाची वाटही बघा. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेश देता येतो. ज्यांना जेआरएफ (नेटमधल्या वरच्या गुणांवर मिळणारी संशोधनवृत्ती) नाही त्यांच्यासाठी या परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे. ती परीक्षा बहुपर्यायी आणि भाषाविषय सोडले तर ती फक्त इंग्रजी किंवा हिंदीत. परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या कॉलेजात मराठीतून एम.ए. केलेल्या, आपल्या तालुक्याचं राजकारण हातावरच्या रेषांसारखं ओळखणाऱ्या मुलाचं कसब त्यात कुठे मोजलं जातं?

संशोधक घडवण्याचं हे काम महाराष्ट्रात झालेलं आहे म्हणून मी आग्रह धरते. पुणे विद्यापीठाच्या विभागात राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांनी राज्याच्या राजकारणाचा अभ्यास उभा केला. लोकनीती या संशोधन उपक्रमाच्या निवडणूक सर्वेक्षणांसाठी विद्यार्थी प्रश्नावली आणि नमुना मतपेटी घेऊन गावोगाव गेले. यादीतल्याच मतदाराला गाठायचं, शेजाऱ्याला विचारून भागवायचं नाही, ही शिस्त वर्गात येत नाही. २०२२ नंतर कितीतरी जिल्हा परिषदा आणि महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती होत्या. लोकप्रतिनिधी नसताना गावातली कामं कोणाच्या शब्दाने झाली, टँकर कोणी आणला, लोक कोणाच्या दारी गेले, याच्या नोंदी तेव्हाच्या तेव्हा तालुक्यातालुक्यांत व्हायला हव्या होत्या. त्यासाठी तयार मुलं लागतात, आणि आपण ती तयार करणंच थांबवलं आहे.

मला हवं ते मोठं नाही. मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि नागपूर इथल्या विद्यापीठांच्या राज्यशास्त्र विभागांत एक वर्षाची पदव्युत्तर संशोधन पदविका सुरू व्हावी. पहिले काही महिने वाचन आणि पद्धती, मग किमान एक सत्र एका तालुक्यात क्षेत्रकार्य, शेवटी लघुप्रबंध आणि बाहेरच्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. पदविका केलेल्यांना पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये किती सवलत देता येईल, हे विद्यापीठांनी यूजीसीशी बोलून ठरवावं.

विद्यावेतनाशिवाय यातलं काहीच व्हायचं नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या पीएच.डी.च्या नोंदणीनंतरच सुरू होतात. या संस्था वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत, म्हणूनच पुढाकार आपल्याकडून हवा. नोंदणीच्या आधीच्या वर्षासाठी थोड्या जागा ठेवल्या, तर शेतमजुराच्या मुलीला तासिका तत्त्वावरची नोकरी की संशोधन, असा पेच पडणार नाही.

आणखी एक काम लगेच होण्यासारखं आहे. विद्यापीठांच्या कपाटांत मराठीतले एम.फिल. लघुप्रबंध पडून आहेत. ग्रामपंचायती, दलित चळवळ, शेतकरी संघटना, स्थानिक पक्षशाखा यांच्याबद्दलची कितीतरी माहिती दुसरीकडे कुठेच नोंदलेली नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात प्रामुख्याने पीएच.डी.चे प्रबंध आहेत. हे लघुप्रबंध वाळवी लागण्याआधी स्कॅन करून सर्वांना खुले करावेत, असा आदेश आपण याच वर्षी काढू शकता.

पदविकेचा आराखडा करायला राज्यातल्या राज्यशास्त्राच्या शिक्षकांची एक समिती नेमा आणि तिच्यात ग्रामीण महाविद्यालयांतले शिक्षक असू द्या. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधी तिचा अहवाल यावा, अशी विनंती आहे.

आपली,
राज्यशास्त्राची एक प्राध्यापिका