तळमजल्याच्या तीन खोल्या आणि एक खुर्ची

यावल, जि. जळगाव
दि. १२ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: दि. २ ते ५ मे २०२५ च्या मुक्कामात कबूल केलेल्या तळमजल्याच्या खोल्या न दिल्याबद्दल आणि अनामत रकमेतून पैसे कापल्याबद्दल.

महोदय,

दिवेआगरजवळचा तुमचा आठ खोल्यांचा बंगला आम्ही तीन रात्रींसाठी घेतला होता. माणसं २८, भाडं १,२६,००० रुपये आणि वर १५,००० रुपये अनामत. बुकिंग मी केलं होतं. घरच्यांना शब्दही मीच दिला होता, म्हणून हे पत्र मीच लिहिते आहे.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. यंदा चारही नणंदा, जावई, नातवंडं जमणार म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, आपली तापी ज्या समुद्राला मिळते तो मला एकदा बघायचाय. वय ८१, सगळं आयुष्य केळीच्या बागेत गेलेलं. तापी मिळते ती तिकडे सुरतेपाशी, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण एवढं मोठं कुटुंब एका छपराखाली मावेल असं घर कोकणात मिळालं, आणि समुद्र काय, तोच, असं त्याच म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आहे. वॉकर धरून सपाटीवर चालतात. जिना चढवत नाही, खाली बसता येत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी मी तुमच्या प्रतिनिधींना व्हॉट्सअ‍ॅपवर हे सगळं लिहून विचारलं. उत्तर आलं: खाली तीन खोल्या आहेत, सगळीकडे कमोड आहे, किनारा पायी पाच मिनिटं, वाट सपाट, पूर्ण बंगला फक्त तुमचाच. तो संदेश सोबत जोडला आहे. या एका उत्तरावर आम्ही दोन टेम्पो ट्रॅव्हलर ठरवल्या आणि संभाजीनगर, पुणे, ताम्हिणी घाट असा सहाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास रात्रभर करून दुपारी तुमच्या फाटकात उतरलो.

खालच्या तिन्ही खोल्यांत दुसरीच मंडळी होती. अकरा जण, आदल्या दिवसापासून राहिलेले. त्यांचा काही दोष नाही, त्यांनाही तुम्हीच खोल्या दिल्या होत्या. तुमच्या केअरटेकरनं सांगितलं, ‘ते एक दिवस वाढवून राहिलेत, उद्या खाली करतील.’ ते गेले ५ तारखेला, आमच्याच सोबत.

सासूबाईंना माझ्या नवऱ्यानं आणि दिरानं दोन्ही बाजूंनी उचलून जिन्यावरून वर नेलं. वरच्या पाच खोल्यांपैकी एकाच खोलीत कमोड होता आणि त्याची टाकी बंद होती. बाकी सगळीकडे खाली बसायचे संडास. आम्ही त्या एका खोलीत बादलीनं पाणी ओतत दिवस काढले. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सासूबाई दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. मे महिना, अंगाला घाम चिकटलेला, आणि ८१ वर्षांची बाई फक्त ओठ ओले करून तांब्या खाली ठेवते. विचारलं तर म्हणाल्या, ‘रात्री तुम्हाला कशाला उठवू?’ हे लिहितानाही मला राग आवरत नाही. खोलीचे पैसे परत करता येतात, हे कसं परत करणार?

दुसऱ्या सकाळी नळ कोरडे पडले. विहीर आटली, टँकर संध्याकाळी येईल, मे महिन्यात इकडे असंच असतं, असं उत्तर मिळालं. पाण्याची टंचाई आम्हाला नवीन नाही. यावल-रावेरच्या पट्ट्यात बोअर किती खोल न्यावी लागते ते आम्ही रोज बघतो. कोकणात आमच्या चौपट पाऊस पडतो, पण जांभ्या दगडात तो टिकत नाही आणि उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, ही तिथल्या प्रत्येकाला माहीत असलेली गोष्ट आहे. म्हणजे बुकिंग घेतानाच तुम्हालाही ती माहीत होती. आधी सांगितलं असतं तर आम्ही स्वतःच्या खर्चानं टँकर ठरवला असता. तुम्ही उलट २८ माणसांच्या पाण्यावर आणखी ११ माणसं ठेवलीत.

स्वयंपाकघरातली मोठी शेगडी बंद होती, तिच्याबद्दल मी भांडत नाही. कळण्याच्या भाकरी आम्ही अंगणात चूल मांडून केल्या.

समुद्राचं मात्र सांगते. फाटकाबाहेर पडलं की जांभ्याच्या ४१ पायऱ्या उतराव्या लागतात, मग रस्ता, मग सुरूच्या बनातली वाळूची वाट. धडधाकट माणसाला वीस-पंचवीस मिनिटं. दोन दिवस सासूबाई गॅलरीत बसून राहिल्या, ‘तुम्ही जाऊन या’ म्हणत. तिसऱ्या संध्याकाळी चार नातवांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. उतरताना त्यांनी डोळे मिटले होते आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. वाळूवर खुर्ची ठेवली, पायांवरून पाणी गेलं, तेव्हा त्यांनी वाकून ओंजळभर पाणी डोक्याला लावलं. अंधार पडायच्या आत पायऱ्या चढायच्या म्हणून वीस मिनिटांत त्यांना उठवावं लागलं. एवढ्यासाठी त्या सहाशे किलोमीटर आल्या होत्या.

चढताना त्या खुर्चीचा पाय तडकला. अनामत रकमेतून तुम्ही तिचे १,५०० रुपये कापलेत. ‘जादा साफसफाई’ म्हणून आणखी ४,०००. पावती मागितली तर फोन उचलणं बंद. सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि लिहून कबूल केलेली सेवा न देणं ही सेवेतली त्रुटी.

माझं मागणं असं. कापलेले ५,५०० रुपये पूर्ण परत करावेत. आठपैकी तीन खोल्या आम्हाला मिळाल्याच नाहीत, त्यांच्या वाट्याचं भाडं ४७,२५० रुपये होतं, तेही परत करावं. एकूण ५२,७५० रुपये. आणि तुमच्या जाहिरातीतलं ‘ज्येष्ठांसाठी सोयीचं’ आणि ‘किनारा पायी पाच मिनिटं’ हे आजच काढावं. पायऱ्या आहेत, तर पायऱ्या आहेत असं लिहा. कुणीतरी आपल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन तेच वाचून निघालेलं असेल.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम जमा झाली नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करायची मुभा कायद्यानं दिली आहे, त्यामुळे त्यासाठी मला कोकणात यावं लागणार नाही.

सोबत व्हॉट्सअ‍ॅप संदेशांच्या प्रती, पैसे भरल्याच्या नोंदी, ऑपरेशनचे कागद, आणि जिन्याचे, पायऱ्यांचे, तडकलेल्या खुर्चीचे फोटो जोडले आहेत. ज्या खात्यातून भाडं भरलं त्याच खात्यात रक्कम पाठवावी.

आपली,
बुकिंगधारक ग्राहक