१ तारखेचं काय

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

फोनवर टाइप करायला माझी बोटं जाड पडतात, म्हणून कागदावर लिहितोय. वरच्या मजल्यावरच्या ओंकारला फोटो काढून पाठवायला सांगेन. तो वाचेलच. वाचू दे, त्यालाही कळू दे.

आज सकाळी उद्यान एक्सप्रेसमध्ये तुला बसवून दिलं तेव्हा मी धड बोललो नाही. तूही नाही बोललीस. हमालाशी मात्र आपण दोघंही फार गोड बोलत होतो. गाडी सुटल्यावर मी प्लॅटफॉर्मवरच चहा घेतला आणि स्टॉलवर विकायला नेलेले तुझ्या चित्रांच्या पुस्तकाचे तीन खोके सीटखाली नीट बसले की नाही, याचाच विचार करत राहिलो. एक प्रत आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर २१५ ग्रॅम भरली होती. १२० प्रती म्हणजे पावणेसव्वीस किलो. थ्री टायरला ४० किलो चालतं, तेव्हा टीसीने काही म्हटलं तर घाबरू नकोस.

नोकरी सोडून आता पुस्तकांवरच जगायचं म्हणालीस, त्यावर रविवारी मी हसलो ते चुकलं. तू म्हणालीस, "बाबा, फुकट वाचणाऱ्या शंभरांतला एक जण पुस्तक विकत घेतो," आणि मला हसू आलं. त्यात मी वर मधूकाकाच्या बुडालेल्या दुकानाचं नाव काढलं. ते काढायला नको होतं. आई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

पण मनू, माझा हिशेब तरी बघ. पहिल्या ३०० प्रती तू डिजिटलवर काढल्यास, प्रत १९० ला पडली. त्या जायला १४ महिने लागले. आता ऑफसेटला, म्हणजे प्लेटा लावून छापायच्या मशीनवर, १,००० काढल्यास, प्रत ९५ ला पडली. हे गणित मीच तुला शिकवलंय, त्याला मी नाही कसं म्हणू? ९६ पानं, म्हणजे १६ पानांचे सहा फर्मे (फर्मा म्हणजे एकदम छापायचा मोठा कागद), दोन्ही बाजूंना चार-चार रंग, प्रत्येक रंगाला एक प्लेट, एकूण ४८ प्लेटा. पहिल्या प्रतीलाही त्याच ४८ लागतात आणि हजाराव्या प्रतीलाही त्याच. म्हणून जास्त छापलं की स्वस्त पडतं. अख्खं आयुष्य छपाईच्या मशीनवर काढून मी कितीतरी प्रकाशकांना हेच ऐकवलं. त्यांची गोदामं मात्र मी कधी बघायला गेलो नाही. आता गोदाम माझ्याच दिवाणाखाली आहे.

३५० किंमत. दुकानात ठेवलंस तर ४० टक्के त्यांचे, तुझ्या हातात २१० येतात, छपाई वजा जाता ११५. स्वतः विकलंस तर २५५, त्यातून पॅकिंग आणि टपाल निघायचं ते वेगळंच. नोकरीत ३८ हजार मिळत होते. तेवढे यायला महिन्याला दीडशे पुस्तकं हवीत, रोज पाच. पावसाळ्यात पाच, गणपतीत पाच, तुला ताप आला तरी पाच. १,००० प्रतींसाठी एफडी मोडलीस त्याचं मला काही नाही, ती तुझीच होती. पण १ तारखेला काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कालनिर्णयात प्रत्येक महिन्याच्या १ तारखेच्या चौकोनात मी पेन्सिलीने बारीक टिंब करून ठेवलंय, ते आईने बघितलं आणि विचारलं, कसली पूजा आहे?

तू म्हणतेस, माझीही १ तारीख असते, त्या दिवशी पेट्रिऑनवरच्या, म्हणजे त्या साइटवरून तुला दरमहा पैसे देणाऱ्या लोकांचे पैसे कापले जातात. मान्य. पण २०२१ साली रिझर्व्ह बँकेचा तो दरमहा आपोआप पैसे कापण्याचा नियम आला, तेव्हा पन्नासांतले एकोणीस जण एका महिन्यात गळले होते ना? त्यांचं तुझ्यावरचं प्रेम कमी झालं नव्हतं, नुसती कार्डं चालेनात. तेव्हा तुला पगार होता म्हणून तू हसत सांगितलंस. आता? महिन्यातले चार दिवस एखादं ठरलेलं काम घे. स्टोरीबोर्ड म्हण, शाळेच्या पुस्तकाची चित्रं म्हण, काहीही. त्यात कमीपणा कसला? ज्याला घर चालवायचंय त्याने...

बघ, पुन्हा सुरू झालो. लिहायला बसताना ठरवलं होतं की पैशावर एक ओळसुद्धा लिहायची नाही. माफ कर.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. २००९ साली प्रेस बंद पडली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुला एवढंच माहीत आहे की बाबा घरी असायचे आणि आईने डबे सुरू केले. झालं असं, की मालक म्हणाले, १ तारखेला या, सगळ्यांचा हिशेब करतो. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. लोअर परळला उतरून चालत गेलो तर गेटला टाळं, आणि आत माझी मशीन. रोलर धुवायचे राहिले होते, शाई वाळून जाणार, मला त्याचीच काळजी. पैशाचं लक्षात यायला दुपार झाली. पुढे अकरा महिने १ तारीख आलीच नाही.

त्या अकरा महिन्यांत घरात कागद मात्र भरपूर होता. मशीन सेट करताना जी वेस्टेज निघते तिचे गठ्ठे मी आधीपासून आणून ठेवले होते. एका बाजूला रंग सरकलेली कुणाची तरी जाहिरात, दुसरी बाजू कोरी. तू त्या कोऱ्या बाजूवर काढत बसायचीस. दिवाळीत 'आवाज'चा अंक आणला तेव्हा त्यातल्या चित्रांवरच्या कागदी खिडक्या तू उघड-झाक करून मोडल्यास. त्या कशा कापतात विचारलंस, मी डाय, म्हणजे कागद कापायचा साचा, समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी तू ब्लेडने तुझी खिडकी केलीस. वर लिहिलं होतं, "बाबा काय करतात?" खिडकी उघडली की आत मी झोपलेला, तोंड उघडं. आई इतकी हसली! मीही हसलो, आणि मग गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ती शीट अजून आहे. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत.

पुस्तक मी वाचलं. तुला वाटतं मी फक्त छपाई बघितली. सातव्या पानावर त्या माणसाच्या नखांत तू शाई काढली आहेस आणि ती काळी नाही, निळी आहे. माझ्या नखांत सायन, म्हणजे छपाईतली निळी शाईच राहायची, रॉकेलने घासली तरी. हे तुझ्या लक्षात कसं राहिलं? त्या पानापाशी मी बराच वेळ थांबलो.

मागच्या आठवड्यातली पार्सलं मी टाकून आलो. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, आता ज्ञान पोस्ट आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये. आपलं पाकीट २६० भरतं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, पुस्तक शैक्षणिक की सांस्कृतिक, धार्मिक की सामाजिक? मी म्हटलं, सामाजिक. त्यांनी उघडून बघितलं, बाराव्या पानावर हसल्या, आणि मागच्या माणसाला दोन मिनिटं थांबवून तेराव्यावरही हसल्या. "कोणी काढलंय?" मी म्हटलं, मुलीने. इतक्या मोठ्याने म्हटलं की रांगेतल्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. त्या बाईंनी विकत मात्र घेतलं नाही. त्या तुझ्या नव्व्याण्णवांतल्या.

उरलेल्या प्रती मी फळ्यांवर चढवल्यात, भिंतीपासून वीतभर लांब. बाथरूमच्या भिंतीला ओल धरते आणि आर्ट पेपरला ओल लागली की पानं एकमेकांना चिकटतात, मग ती सुटत नाहीत. जूनच्या आत निम्मे खोके तरी जायला हवेत. हे मी पैशासाठी म्हणत नाही, ओलीसाठी म्हणतोय.

स्टॉलवर सुट्टे पैसे ठेव. क्यूआर चालला नाही तर ५० च्या नोटा लागतील, बॅगेच्या पुढच्या कप्प्यात वीस ठेवल्यात. पहिल्या दिवशी किती गेली ते रात्री कळव. पाच गेली तरी कळव.

तुझा,
बाबा

ता. क. तिसऱ्या फर्म्यात मॅजेंटा, म्हणजे गुलाबी रंग, केसभर सरकलाय, पान ४१. भिंगाशिवाय दिसत नाही. सांगणार नव्हतो.