अशोक स्तंभाजवळच्या झेरॉक्सवाल्या दादांस

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला न विचारता नाव जाहीर करणं बरं नव्हे, म्हणून दादाच म्हणते. प्रवेशअर्जांच्या प्रिंटसाठी पोरांची रांग लागलेली असताना तुम्ही माझे न उघडणारे फोटो उघडतील अशा फाइलींत बदलून दिलेत, त्याबद्दल हे पत्र. "त्यात काय एवढं, काकू?" असं तुम्ही म्हणालात खरे. काय एवढं, ते सांगते.

रामकुंडाजवळच्या आमच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्याची नामावळी आहे. नाशिकला येऊन गेलेल्या पूर्वजांची नावं, गाव, सोबत कोण कोण होतं, खाली सह्या. जुनी पानं मोडी लिपीत. गुरुजींनी परवानगी दिली आणि भाचीनं आपल्या आयफोनवर पानन् पान टिपलं. मोडी वाचून देणारे काका पुण्याचे, त्यांचा संगणक विंडोज ७ वाला. त्यावर एकही फोटो उघडेना. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले तर उघडले, पण इतके दाबले गेले की मोठं करून बघावं तर नुसते डाग. मोडी हात न उचलता लिहितात. एखादी गाठ किंवा वळसा दिसला नाही की अक्षरच बदलतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर पुन्हा तीच न उघडणारी फाइल. शेजारच्या एका मुलानं फाइलच्या नावाचं शेपूट बदलून जेपीजी केलं. पाटी बदलली, दुकानातला माल तोच! एका दुकानात तर 'फाइल करप्ट आहे' म्हणून बोळवण झाली.

तुम्ही आधी विचारलंत, "हे कशासाठी हवेत?" हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. मग माऊस हलवता हलवता सांगितलंत की २०१७ च्या आयओएस ११ पासून ॲपलचे फोन फोटो एचईआयसी नावाच्या फाइल-प्रकारात ठेवतात. जागा जेपीजीच्या साधारण निम्मी लागते. जेपीजी १९९२ चं, म्हणून जुन्यातला जुना संगणकही ते ओळखतो. विंडोज १० वर एचईआयसीसाठी वेगळी जोड बसवता येते, विंडोज ७ ला ती सोय नाही. फाइल ठणठणीत आहे हे ऐकूनच माझा जीव भांड्यात पडला.

ऑनलाइन वेबसाइटवर टाकलं तर पटकन होईल का, असं भाचीनं विचारलं, तेव्हा "घरची कागदपत्रं अनोळखी सर्व्हरवर कशाला चढवायची?" म्हणत तुम्ही आपल्याच संगणकावरचं इरफानव्ह्यू हे फोटोंचं सॉफ्टवेअर उघडलंत आणि सगळा गठ्ठा तिथेच एकदम बदललात. क्वालिटीचा आकडा ९५ वर नेलात. जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडं झिजतं, म्हणून मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवल्यात. फोटोच्या पोटातली तारीख-वेळ शाबूत राहील अशी खूण केलीत; पानांचा क्रम त्यावरच तर लागणार होता. लाइव्ह फोटोसोबत आलेले चिमुकले व्हिडिओही बाजूला काढलेत.

एवढं झाल्यावर एक पान पडद्यावर मोठं करत नेलंत. मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली, कडेला वाळवीनं खाल्लेलं, आणि मधोमध एका अक्षराचा बारीक वेढा स्वच्छ दिसत होता. "हे वाचता येईल ना त्यांना?" असं विचारून मगच पेन ड्राइव्ह हातात दिलात. रांगेतल्या पोरांची चुळबूळ मला ऐकू येत होती, तुम्हाला येत नसावी.

भाचीला सेटिंगही दाखवलंत: सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल'. त्यानंतरचे फोटो थेट जेपीजीत निघतात. फोन लवकर भरतो, म्हणून असल्या कामापुरतंच ते ठेवायचं, हेही बजावलंत. तिनं ऐकलंय.

काकांचं वाचन सुरू झालं आहे. पणजोबांच्या नावाखाली त्यांच्या एका बहिणीचं नाव निघालं. आमच्या वंशावळीत ही बाई नव्हतीच! आता घरात रोज रात्री तिच्यावरून तर्क लढवले जातात.

त्र्यंबकच्या उपाध्यायांकडची पानं अजून टिपायची आहेत. ती झाली की तुमच्याकडे येते. मागच्या वेळी तुम्ही फक्त दोन प्रिंटांचे पैसे घेतलेत. या खेपेला हिशेब पूर्ण लावायचा, नाहीतर पेन ड्राइव्ह पर्समधून बाहेर निघणार नाही.

आपली,
पंचवटीच्या काकू