अलंकार ‘सारखा’वरून ओळखू नका

संपादक महोदय,

दहावीच्या गाइडांमध्ये अलंकार ओळखायची एक युक्ती हमखास असते: ‘सम, सारखा, परी’ दिसले की उपमा; ‘जणू, गमे, भासे’ दिसले की उत्प्रेक्षा. त्याने गुण मिळतात, कविता कळत नाही. कधी गुणही जातात. ‘तो सारखा रडतो’ यात कसली उपमा? ‘रामा शामासारखा उंच आहे’ ही नुसती तुलना, चमत्कृती काहीच नाही.

आधी उपमेय (ज्याची तुलना करायची ते), मग उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते), मग दोघांतला समान धर्म म्हणजे सारखा गुण शोधावा. साम्य दाखवणारा शब्द सगळ्यांत शेवटी. उपमान पुराणातले असेल, तर आणखी एक प्रश्न विचारावा: कथेतला नेमका कोणता क्षण?

उदाहरण आपल्या रामटेकचेच घेऊ. (कालिदासाच्या मेघदूतात शापामुळे पत्नीपासून दुरावलेला यक्ष ज्या रामगिरीवरून मेघाबरोबर तिला निरोप धाडतो तो हाच, असे संस्कृत पंडित वा. वि. मिराशींनी मांडले.) उत्तरमेघात, म्हणजे काव्याच्या दुसऱ्या भागात, यक्ष मेघाला म्हणतो, तू बोलू लागलास की मैथिलीने पवनतनयाकडे (हनुमानाकडे) पाहिले तशी माझी पत्नी वर तोंड करून तुझ्याकडे पाहील. उपमेय यक्षपत्नी, उपमान सीता, धर्म उत्सुकतेने वर पाहणे, शब्द ‘इव’. मुले वहीत एवढेच लिहून थांबतात. पण क्षण अशोकवनातला आहे. हनुमान शिंशपेच्या झाडावर होता. इथे मेघ खिडकीत आणि ती जमिनीवर निजलेली, म्हणून नजर दोघींचीही वर जाते. शिवाय तिथे निरोप पोचला होता, सुटका व्हायची होती. मेघ हनुमान ठरला की यक्ष राम ठरतो आणि पुनर्भेटीची खात्री न सांगताच मिळते. मेघदूताच्या पहिल्याच श्लोकात जनककन्येच्या स्नानाने पावन झालेले पाणी येते, ते उगाच नाही. मात्र इथे रावण शोधत बसू नये. ही ताटातूट कुबेराच्या वर्षभराच्या शापाची आहे. उपमान ताणले की फाटते.

वर्तमानपत्रेही यात मागे नाहीत. ‘झारीतील शुक्राचार्य’ कोणत्याही भ्रष्ट माणसाला चिकटवला जातो. बळीने वामनाला दानाचे पाणी सोडू नये म्हणून त्याचाच गुरू झारीच्या तोटीत जाऊन बसला, अशी कथा. म्हणजे देणे ठरलेले हवे आणि अडवणारा आतला हवा. मंजूर निधीची फाइल दाबून ठेवणारा बाबू शुक्राचार्य; खड्ड्यांचा रस्ता बांधणारा कंत्राटदार नव्हे. त्याच्यासाठी मथळा दुसरा शोधावा.

– एक मराठी शिक्षक, नागपूर