गिर्यारोहणाच्या इतिहासात वाटाड्याचे नाव हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एव्हरेस्टवरील पहिल्या यशस्वी चढाईच्या स्मरणार्थ आपल्या दैनिकात २९ मे रोजी आलेला लेख मी काळजीपूर्वक वाचला. चहूकडे माळरान असलेल्या आपल्या सोलापुरात डोंगरांविषयी एवढी जागा दिली जाते, याचा एक निवृत्त भूगोल शिक्षक म्हणून मला मनापासून आनंद झाला. मात्र तेनझिंग नोर्गे यांचा अपवाद वगळता त्या लेखात शेर्पा आले ते ‘सामान वाहणारे’ एवढ्याच ओळखीने. आणि त्याच पानावर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी कळसूबाई सर केल्याची जी बातमी होती, तिच्यात सर्व विद्यार्थ्यांची व शिक्षकांची नावे होती, पण त्यांना वर घेऊन जाणारा माणूस ‘स्थानिक वाटाड्या’ या दोन शब्दांत संपला होता. या उणिवेला फार जुना इतिहास आहे, म्हणून हे पत्र.

गिर्यारोहणाचा आरंभ जेथून मानला जातो त्या आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर ८ ऑगस्ट १७८६ रोजी प्रथम पोहोचलेले दोघेही पायथ्याच्या शामोनी खोऱ्यातलेच होते. जाक बाल्मा हा डोंगरातून स्फटिक गोळा करून विकणारा, तर मिशेल पाकार हे गावचे डॉक्टर. शिखराची वाट शोधणाऱ्यास बक्षीस देऊ करणारे जिनिव्हाचे शास्त्रज्ञ द सोस्यूर दुसऱ्या वर्षी वर गेले, तेव्हा त्यांच्यासोबत अठरा वाटाडे होते. शामोनीत १८८७ मध्ये पुतळा उभा राहिला तो सोस्यूर आणि बाल्मा यांचा. पाकार यांच्या पुतळ्याला १९८६ साल उजाडावे लागले. १८०८ मध्ये त्याच शिखरावर पोहोचलेली पहिली स्त्री, मारी पारादी, हीसुद्धा शामोनीतलीच, मोलमजुरी करणारी बाई होती.

मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वर्ष मात्र १८२१ आहे. त्याच्या आदल्या वर्षी माँ ब्लाँवर हिमकडा कोसळून तीन वाटाडे मृत्युमुखी पडले होते. त्यानंतर शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना स्थापन केली, कामाची पाळी ठरवली आणि अपघातग्रस्तांच्या कुटुंबांसाठी मदतनिधी उभारला. लंडनचा अल्पाइन क्लब निघाला १८५७ मध्ये. म्हणजे हौशी गिर्यारोहकांच्या त्या पहिल्या क्लबच्या छत्तीस वर्षे आधी कष्टकऱ्यांची संघटना उभी होती. यंत्रमागाच्या आणि एकेकाळी गिरण्यांच्या या शहरातील वाचकांना त्या क्रमाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे १४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधलेच मॅटरहॉर्न शिखर सर झाले. उतरताना दोर तुटून चौघे गेले, त्यांत मिशेल क्रोझ हा शामोनीचा वाटाड्या होता. वाचलेल्या तिघांपैकी इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर यांना कीर्ती मिळाली. पायथ्याच्या झरमॅट गावचे वाटाडे पेटर टाउगवाल्डर यांच्या वाट्याला मात्र दोर मुद्दाम कापल्याचा संशय आला आणि चौकशीत निर्दोष ठरल्यावरही तो त्यांना सोडून गेला नाही. योगायोगाने त्याच वर्षी, १८६५ मध्ये, ज्याची उंची राधानाथ सिकदार यांच्या गणितामुळे कळली होती त्या शिखराला जॉर्ज एव्हरेस्ट या साहेबाचे नाव अधिकृतपणे मिळाले, आणि त्याच वर्षी कुमाऊँतील मिलम गावचे शाळामास्तर नैनसिंग रावत तिबेटच्या मोजणीसाठी निघाले. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि दर शंभर पावलांना ते एक मणी ओढत. भूगोलाच्या तासाला हे सांगितले की वर्ग एकदम शांत व्हायचा, हे मी अनेकदा अनुभवले आहे; पाठ्यपुस्तकात मात्र मला ते कधी सापडले नाही.

शेर्पा हा शब्दही आपण हमालाचा समानार्थी म्हणून वापरतो, तेही दुरुस्त व्हायला हवे. त्याचा अर्थ ‘पूर्वेकडचे लोक’ असा आहे. हे लोक पूर्व तिबेटातून येऊन नेपाळमधील सोलुखुंबूत वसले आणि नांगपा ला या सुमारे ५,७०० मीटर उंचीच्या खिंडीतून पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करत आले. खिंडी त्यांच्या रोजच्या पायाखालच्या होत्या; शिखरांवर ते चढत नसत, कारण ती देवांची जागा. ते मोहिमांकडे वळले ते दार्जिलिंगला मिळणाऱ्या मजुरीसाठी. ७ जून १९२२ रोजी एव्हरेस्टच्या नॉर्थ कोल या खिंडीखाली हिमप्रपातात सात भारवाहक गेले; ती मोहीम आज ब्रिटिश गिर्यारोहक मॅलरी यांच्या नावाने आठवली जाते, त्या सातांच्या नावाने नाही. १९३४ मध्ये नंगा पर्बतावर सहा शेर्पा मृत्युमुखी पडले, त्यांतला गायले हा खाली उतरणे शक्य असतानाही मोहिमेचे नेते मेर्कल यांच्याजवळच थांबला होता असे सांगतात. अशी एकेक नावे हाती लागतात तेव्हा इतिहासाची सगळी मांडणीच बदलते. १९५२ मध्ये एव्हरेस्टवर तोवरची सर्वाधिक उंची गाठणारे दोघे होते जिनिव्हाचे वाटाडे रेमों लाँबेर आणि तेनझिंग: एक आल्प्सचा, एक हिमालयाचा, दोघेही वाट दाखवण्यावरच पोट असलेले.

मीही या चुकीपासून मुक्त नाही. महाविद्यालयात असताना आम्ही खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. कोकणकड्याकडे जाताना धुके असे दाटले की हातभर पुढचे दिसेना, तेव्हा पुढे चालणाऱ्या महादेव कोळी समाजातील वाटाड्याने आम्हाला बसवून ठेवले आणि धुके विरेपर्यंत कोणालाही उठू दिले नाही. परत आल्यावर मी महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी चार पानांचा वृत्तान्त लिहिला. त्यात आमच्यातील प्रत्येकाचे नाव आहे. त्या वाटाड्याचे नाही, आणि आज ते मला आठवतही नाही. गेली कित्येक वर्षे ही गोष्ट मला टोचते आहे.

म्हणून माझी नम्र विनंती अशी की, आपल्या दैनिकात मोहिमेची बातमी छापताना वाटाड्याचे व भारवाहकांचे नाव आणि गाव बातमीदारांनी विचारून घ्यावे व ते गिर्यारोहकांच्या नावांबरोबरच, त्याच परिच्छेदात द्यावे. शाळा-महाविद्यालयांनी मोहीम आखताना विद्यार्थ्यांचा अपघात विमा उतरवतात तसा वाटाड्याचाही उतरवावा. कळसूबाईच्या त्या बातमीतील वाटाड्याचे नाव संबंधित शिक्षकांकडून मिळू शकेल; ते मिळवून पुढील अंकात प्रसिद्ध करावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
सोलापूर